सागरी स्थलांतर आणि बाली घोषणा : एक परीक्षण

आंतरराष्ट्रीय परिषदांच्या शेवटी निघणाऱ्या घोषणा हा गद्यलेखनाचाच एक प्रकार असला, तरी वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याकडे वळावे असे सहसा कोणास वाटत नाही. राज्यशास्त्राचा अभ्यासक त्यांतील धोरण पाहतो, विधिज्ञ त्यांतील बंधन पाहतो. वाक्याला कर्ता आहे की नाही, क्रियापद कोणत्या जातीचे आहे आणि कोणते पद गाळले गेले आहे, ही चौकशी बहुधा होतच नाही. वस्तुतः परिषदेतील खरा झगडा पुष्कळदा ह्या व्याकरणाच्या पातळीवरच झालेला असतो. इंडोनेशियातील बाली बेटावर २३ मार्च २०१६ रोजी स्वीकारण्यात आलेली मंत्रिपरिषदेची घोषणा ह्या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे.

समुद्रमार्गे, कागदपत्रांवाचून, मोडक्या होड्यांतून एका देशाकडून दुसऱ्या देशाकडे निघालेल्या माणसांचे काय करावयाचे, हा त्या घोषणेचा विषय. ती काढणाऱ्या राष्ट्रांचा मेळावा ‘बाली प्रक्रिया’ ह्या नावाने ओळखला जातो. इंडोनेशिया व ऑस्ट्रेलिया ह्यांच्या सहअध्यक्षतेखाली २००२ साली तो सुरू झाला. त्यात चाळीसांहून अधिक राष्ट्रे असून भारत हे त्यांपैकी एक आहे. शिवाय संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्त कार्यालय आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना ह्यांसारख्या संस्थाही सभासद आहेत. घोषणेचे जे स्वागत झाले ते मुख्यतः एका कारणाने झाले. प्रामुख्याने गुन्हेनिवारणाच्या भाषेत बोलत आलेल्या ह्या मेळाव्याने संरक्षण, तात्पुरता आश्रय आणि किनाऱ्यावर उतरविणे ह्या गोष्टींचा उच्चार मंत्र्यांच्या पातळीवर केला, हे पाऊल पुढचे आहे, असे अनेकांनी म्हटले. ते खोटे नाही. परंतु उच्चार केला म्हणजे पत्कर घेतला असे होत नाही. आणि ह्या घोषणेत ज्या एका प्रश्नाचे उत्तर हवे होते, तेवढाच प्रश्न मोठ्या कौशल्याने मोकळा ठेवलेला आहे. समुद्रात सापडलेल्या माणसास कोणी, कोठे उतरवून घ्यावयाचे, हा तो प्रश्न होय.

प्रथम परिभाषेविषयी थोडे. अशा माणसांना ‘अनियमित स्थलांतरित’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७५ साली स्थलांतरित कामगारांच्या संदर्भात ‘बेकायदा’ हे विशेषण टाळून ‘कागदपत्रे नसलेले’ किंवा ‘अनियमित’ असे म्हणावे, अशी शिफारस केली. त्यामागील हेतू चांगलाच होता. मराठीत मात्र हा शब्द नीट बसत नाही. आपल्याकडे पाऊस अनियमित असतो, गाडी अनियमित असते, विद्यार्थ्याची हजेरी अनियमित असते. माणूस अनियमित असतो असे कोणी म्हणत नाही. त्यामुळे वृत्तपत्रांतून तो शब्द मागे पडतो आणि त्याच्या जागी ‘घुसखोर’ येतो. ज्या होडीचे यंत्र भर समुद्रात बंद पडले आहे आणि जिला कोणताच किनारा मिळालेला नाही, तिच्यातील माणसे नेमकी कोठे घुसली, हे मात्र तो शब्द वापरणारा सांगत नाही. ‘निर्वासित’ हा शब्द मराठीस फाळणीमुळे परिचित झाला. परंतु १९५१ च्या निर्वासितविषयक करारातील अर्थ त्याहून अरुंद आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट अथवा राजकीय मत ह्यांपायी छळाचे साधार भय असणाऱ्या आणि त्यामुळे स्वदेशाबाहेर असलेल्या माणसासच तो लागू होतो. एकाच होडीत असा मनुष्य आणि केवळ पोटासाठी निघालेला मनुष्य शेजारी बसलेले असतात. कोण कोणता, हे ठरविण्यासाठी दोघांनाही प्रथम जमिनीवर यावे लागते. म्हणजे परिभाषेचा वादसुद्धा अखेर धक्क्याशीच येऊन थांबतो.

इंग्रजीतील मूळ पदास मराठीत काय म्हणावे, हाही प्रश्न क्षुल्लक नाही. ‘अवतरण’ म्हटले तर वाचकाच्या डोळ्यांपुढे उद्धृत केलेला उतारा उभा राहील, नाहीतर देवाचा अवतार. ‘उतरविणे’ हे क्रियापद उतारूंना बसमधून खाली काढण्यासही चालते. बोलीतील ‘उतरवून घेणे’ हा प्रयोग अधिक नेमका आहे. कारण त्यातील ‘घेणे’ ह्या सहायक क्रियापदामुळे काठावर हात पुढे करून उभा असलेला कोणीतरी वाक्यात आपोआप येतो. प्रस्तुत परीक्षणात हाच प्रयोग योजिला आहे. घोषणांच्या भाषेला नेमका हाच काठावरचा मनुष्य नको असतो.

ह्या गाळलेल्या पदाचे मूळ सागरी कायद्यातच आहे. संकटात सापडलेल्यास वाचविणे हे जहाजाच्या कप्तानाचे कर्तव्य फार जुने असून ‘टायटॅनिक’च्या १९१२ मधील दुर्घटनेनंतर सागरी जीवितरक्षणाचा जो पहिला करार १९१४ साली झाला, तेव्हापासून त्याला लेखी आंतरराष्ट्रीय रूप मिळत गेले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराचे ९८ वे कलम हेच सांगते. तो करार भारताने १९९५ मध्ये मान्य केला आहे. १९७९ मध्ये हँबुर्ग येथे झालेल्या शोध व बचाव करारान्वये समुद्राचे निरनिराळ्या राष्ट्रांच्या जबाबदारीचे विभाग पाडण्यात आले. ह्या कराराच्या सुधारलेल्या परिशिष्टात ‘बचाव’ ह्या शब्दाची व्याख्या आहे. तीत माणसांना पाण्याबाहेर काढणे व त्यांची प्राथमिक सोय पाहणे ह्यांबरोबरच त्यांना सुरक्षित स्थानी पोचविणे हाही बचावाचाच भाग मानला आहे. मराठीत काम पुरे करण्यास ‘तडीस नेणे’ म्हणतात, आणि तड म्हणजे काठ. हँबुर्गच्या व्याख्येला ह्याहून चांगला वाक्प्रचार सापडणार नाही. वाचविलेला मनुष्य जोवर तडीस लागला नाही, तोवर बचाव पुरा झालेला नाही. शिवाय त्या माणसाचे राष्ट्रीयत्व, दर्जा वा तो कोणत्या परिस्थितीत सापडला, हे पाहावयाचे नाही, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे.

इतके सांगून करार थांबतो. सुरक्षित स्थान कोणाच्या भूमीवर, ह्याविषयी तो मौन पाळतो. कप्तानाचे कर्तव्य निःसंदिग्ध आहे, पण त्याच्या जहाजाला बंदरात घेण्याचे कर्तव्य कोणत्याही एका राष्ट्राचे म्हणून लिहिलेले नाही. ह्या उणिवेचा परिणाम ऑगस्ट २००१ मध्ये जगाने पाहिला. ‘टांपा’ ह्या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने ऑस्ट्रेलियाच्याच बचाव केंद्राच्या हाकेवरून इंडोनेशिया व ख्रिसमस बेट ह्यांच्या दरम्यान बुडत्या होडीतील चारशेहून अधिक माणसे वर घेतली. त्यांत बहुसंख्य अफगाण होते. ऑस्ट्रेलियाने त्यांस ख्रिसमस बेटावर उतरू दिले नाही आणि जहाजावर सैनिक चढविले. अखेर काहींना न्यूझीलंडने घेतले, बाकीच्यांची रवानगी नाउरू बेटावर झाली. पुढल्या वर्षी त्या जहाजाचे कप्तान, खलाशी व मालक कंपनी ह्यांना निर्वासितांच्या सेवेबद्दलचा नान्सेन पुरस्कार देण्यात आला. ह्या प्रकरणाचा परिणाम म्हणून मे २००४ मध्ये हँबुर्ग करारात दुरुस्ती झाली. ती १ जुलै २००६ पासून अमलात आली. ज्या राष्ट्राच्या विभागात बचाव झाला त्याने उतरवून घेण्याची व्यवस्था घडून येईल हे मुख्यत्वे पाहावे, असे आता लिहिले गेले. पण ‘व्यवस्था घडून येईल हे पाहणे’ आणि ‘आपल्या बंदरात घेणे’ ह्यांत जो फरक आहे तो राहिलाच. माल्टाने तर ही दुरुस्तीही स्वीकारली नाही.

ही उणीव केवळ सहकार्याच्या सदिच्छेने भरून निघत नाही, हे भूमध्य समुद्राने दाखविले आहे. तो इतिहास मोठा आहे. येथे एकच प्रसंग पुरे. ११ ऑक्टोबर २०१३ रोजी लांपेदूझा बेटाच्या दक्षिणेस बुडू लागलेल्या होडीतून मदतीची हाक इटलीकडे गेली. होडी माल्टाच्या विभागात असल्याने इटलीने माल्टाकडे बोट दाखविले. इटलीचे नौदलाचे एक जहाज त्यातल्या त्यात जवळ होते. ह्या टोलवाटोलवीत तास गेले आणि दोनशेहून अधिक माणसे बुडाली, त्यांत अनेक मुले होती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने जानेवारी २०२१ मध्ये इटलीवर ठपका ठेवला. दोन्ही राष्ट्रांत त्या दुपारी बोलणे चालू होते. संपर्क आणि सहकार्य हे शब्द समानार्थी समजण्याची जी चूक घोषणांतून वारंवार होते, तिची किंमत ह्या प्रसंगात स्पष्ट दिसते.

आग्नेय आशियाकडे वळल्यास एक वेगळाच पूर्वेतिहास समोर येतो, आणि बाली घोषणेचे मूल्यमापन त्याच्याशी ताडून पाहिल्यावाचून न्याय्य होणार नाही. १९७५ साली सायगावचे पतन झाल्यापासून १९९५ पर्यंतच्या वीस वर्षांत सुमारे ७,९६,००० व्हिएतनामी माणसे होड्यांतून शेजारच्या देशांत पोचली. जी वाटेत बुडाली वा थायलंडच्या आखातातील चाच्यांच्या हाती सापडली ती ह्यात धरलेली नाहीत. १९७९ च्या एकट्या जून महिन्यात ५४,००० माणसे आली. मलेशियाच्या पुलाउ बिदोंग ह्या चिमुकल्या बेटावर त्या सुमारास सुमारे ४०,००० लोक राहत होते. त्या महिन्याच्या अखेरीस इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपीन्स, सिंगापूर व थायलंड ह्या पाच राष्ट्रांनी, आमची सहनशक्ती संपली, यापुढे कोणासही घेणार नाही, असे जाहीर केले. होड्या परत समुद्रात लोटण्यास तर त्याआधीच सुरुवात झाली होती.

ह्यावर २० व २१ जुलै १९७९ रोजी जिनीव्हा येथे ६५ राष्ट्रांची परिषद भरली. तीत कोणताही बंधनकारक करार झाला नाही. परंतु तिसऱ्या देशांनी कायमच्या वसाहतीसाठी देऊ केलेल्या जागा १,२५,००० वरून २,६०,००० वर गेल्या. इंडोनेशिया व फिलिपीन्स ह्यांनी पुढील प्रवासाआधीच्या छावण्यांसाठी जागा दिली. व्हिएतनामने चोरटी निर्गमने काही काळ थांबविण्याचे आणि परवान्याने जाऊ इच्छिणाऱ्यांना विमानाने जाऊ देण्याचे मान्य केले. ह्या परवान्याच्या मार्गाने पुढील काळात सहा लाखांहून अधिक माणसे देशाबाहेर गेली. जुलै १९७९ पासूनच्या तीन वर्षांत वीसहून अधिक राष्ट्रांनी इंडोचायनातील सव्वासहा लाखांच्या घरात निर्वासित आपल्या भूमीवर वसविले.

त्या काळातील एक योजना विशेष लक्षात घेण्यासारखी आहे, कारण ती कप्तानाच्या अडचणीवरच नेमकी बोट ठेवणारी होती. सोयीच्या निशाणाखाली चालणाऱ्या, म्हणजे ज्यांच्या निशाणाचे राष्ट्र निर्वासितांना घेण्याच्या स्थितीत नाही अशा व्यापारी जहाजांनी माणसे वाचविली, तर त्यांचा पुढील भार आपण उचलू, अशी हमी अमेरिकेसह आठ राष्ट्रांनी संयुक्तपणे दिली. १९८५ मध्ये तिला जोड म्हणून दुसरी योजना आली. अशी हमी हाती असली म्हणजे बंदराचा अधिकारी उतरवून घेण्यास कचरत नाही, आणि बंदर मिळणार हे ठाऊक असले म्हणजे कप्तान मार्ग बदलण्यास कचरत नाही. १९७५ ते १९९० ह्या काळात सुमारे ६७,००० व्हिएतनामी माणसे अशी समुद्रातून वाचविली गेली. सहकार्य म्हणजे काय, ह्या प्रश्नाचे इतके साधे आणि हिशेबी उत्तर त्यानंतरच्या कोणत्याही घोषणेत सापडत नाही.

येथवरच्या वर्णनावरून १९७९ ची परिषद हा आदर्श होय, असा निष्कर्ष बहुतेक अभ्यासक काढतात. परिणामापुरते ते बरोबर आहे. परंतु त्या यशाच्या पोटात एक दोष दडलेला होता आणि तो पुढे वाढला. तिसऱ्या देशांनी न्यावे, ह्या अटीवर किनाऱ्याच्या राष्ट्रांनी उतरवून घेतले. म्हणजे बुडत्याला काठ देणे हे निरपेक्ष कर्तव्य न राहता एका देवघेवीची एक बाजू झाले. जोवर दुसरी बाजू पुरी होत होती तोवर हे कोणाच्या ध्यानात आले नाही. जून १९८९ मध्ये जिनीव्ह्यातच दुसरी परिषद भरली. १४ मार्च १९८९ नंतर, आणि हाँगकाँगपुरते १६ जून १९८८ पासून, येणाऱ्या प्रत्येकाची छाननी करावी, निर्वासित ठरेल त्याला वसाहत मिळावी, न ठरेल त्याने परत जावे, असे तेथे ठरले. छाननी सर्वत्र सारखी झाली नाही, परत पाठविताना हाँगकाँगच्या छावण्यांत बळाचा वापर झाला, आणि लाखाहून अधिक माणसे व्हिएतनामला परतली. त्या योजनेवर कितीही आक्षेप घेता आले तरी तिच्यात तारीख होती, निकष होता, आणि परतणाऱ्याचे काय होते हे पाहण्याचे काम कोणाचे, हेही लिहिलेले होते. १९९६ मध्ये ती संपली आणि तिच्यासोबत त्या प्रदेशातील उतरवून घेण्याची सारी व्यवस्थाही मोडीत निघाली. अट मात्र स्मरणात राहिली.

बाली प्रक्रियेचा जन्म ह्यानंतरचा, ‘टांपा’ प्रकरणाच्या पाठोपाठचा. तिचे पूर्ण नाव वाचले की तिचा कल समजतो. त्यात माणसांची चोरटी वाहतूक आहे, मानवी व्यापार आहे, तत्संबंधी आंतरराष्ट्रीय गुन्हे आहेत. निर्वासित नाही, बचाव नाही आणि समुद्रही नाही. चोरटी वाहतूक करणारे दलाल निर्दय असतात, ह्यात शंका नाही. १ मे २०१५ रोजी थायलंडच्या दक्षिणेस मलेशियाच्या सीमेलगत त्यांच्या जंगलातील तळांवर जी थडगी सापडली, त्यांनी ह्या धंद्याचे स्वरूप उघड केले. परंतु त्यानंतर जे घडले ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. थायलंडने धरपकड सुरू करताच दलालांनी होड्या भर समुद्रात सोडून पळ काढला. म्यानमारमधील रोहिंग्या आणि बांगलादेशी अशी हजारो माणसे अंदमानच्या समुद्रात अन्नपाण्यावाचून तरंगत राहिली. गुन्हेनिवारणाची कारवाई यशस्वी झाली होती. थायलंड, मलेशिया व इंडोनेशिया ह्या तिघांनीही होड्यांना अन्न, पाणी, इंधन देऊन पुढे हाकलले. तेरा वर्षांचा हा मेळावा त्या पंधरवड्यात हललादेखील नाही.

२० मे २०१५ रोजी मलेशियाच्या पुत्रजाया येथे तीन परराष्ट्रमंत्री भेटले. मलेशिया व इंडोनेशिया ह्यांनी सुमारे ७,००० माणसांना तात्पुरता निवारा देण्याचे कबूल केले. मात्र वर्षाच्या आत आंतरराष्ट्रीय समाजाने त्यांची अन्यत्र व्यवस्था लावावी किंवा त्यांस परत पाठवावे, ह्या अटीवर. थायलंड निवाऱ्याच्या ह्या प्रस्तावात सामील झाला नाही. १९७९ चा सौदा येथे शब्दशः परतला आहे. फरक इतकाच की, ह्या वेळी टेबलाच्या दुसऱ्या बाजूस कोणीच बसलेले नव्हते. २,६०,००० जागांचे आकडे घेऊन येणारी राष्ट्रे कोठेच दिसेनात. ऑस्ट्रेलियाच्या तत्कालीन पंतप्रधानांनी तर आपण एकासही घेणार नाही, असे सांगून टाकले. २९ मे रोजी बँकॉकला १७ राष्ट्रांची बैठक झाली, तिच्या निमंत्रणात ‘रोहिंग्या’ हा शब्द नव्हता. म्यानमारला तो नको होता. ज्यांच्याविषयी बोलावयाचे त्यांचे नाव न घेता बोलण्याची ही रीत नवी नसली, तरी एखाद्या मानवसमूहाविषयीच्या परिषदेत ती इतक्या सहजपणे पाळली जावी, हे चमत्कारिकच.

अशा पार्श्वभूमीवर २०१६ ची घोषणा आली. २०१५ मध्ये आपण कमी पडलो, ही जाणीव तिच्यामागे आहे आणि तिचे श्रेय सहअध्यक्षांना दिले पाहिजे. आणीबाणीत सहअध्यक्षांनी सभासदांशी विचारविनिमय करावा व गरज वाटल्यास बैठक बोलवावी, अशी सोय त्या वेळी करण्यात आली. उतरवून घेण्याविषयीचे वाक्य मात्र नीट वाचावे. पूर्वनिश्चित अशी उतरण्याची ठिकाणे शोधण्याच्या आणि उपलब्ध करून देण्याच्या सभासदांच्या प्रयत्नांचे घोषणा स्वागत करते. स्वागत कोणाचे करावयाचे? जो आला आहे त्याचे. येथे प्रयत्न अजून कोणी केलेला नाही. म्हणजे न आलेल्या पाहुण्यापुढे आरती ओवाळण्यासारखा हा प्रकार झाला. ‘आम्ही करू’ हे भविष्यकाळी, सकर्तृक वाक्य जेथे अपेक्षित आहे, तेथे घोषणा अभिनंदनपर क्रियापद योजते. तात्पुरत्या आश्रयाच्या बाबतीत ती सभासदांना शक्यता पडताळून पाहण्यास उत्तेजन देते, आणि तेही प्रत्येक देशाचे कायदे व धोरणे ह्यांच्या अधीन राहून. कायद्याच्या अधीन राहणे समजू शकते. धोरणाच्या अधीन राहून धोरण बदलण्यास उत्तेजन देणे हे तर्कास धरून नाही. ओळखणे, मान्य करणे, स्वागत करणे, उत्तेजन देणे : क्रियापदांची ही जातच अशी आहे की, तिच्या पूर्तीची वा भंगाची तारीख कधीच येत नाही.

ह्या टीकेवर एक उत्तर दिले जाते, आणि ते टाकाऊ नाही. ह्या मेळाव्यातील बरीच राष्ट्रे, इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड, बांगलादेश आणि भारतसुद्धा, १९५१ च्या निर्वासित कराराशी बांधलेली नाहीत. कठोर शब्द वापरले तर ती उठून जातील. सैल शब्दांमुळेच ती एकत्र बसतात. आणि एकत्र बसता बसता काही पदरात पडते. परंतु जिनीव्ह्यातील १९७९ ची वचनेही कायद्याने बंधनकारक नव्हतीच, आणि मलेशिया, इंडोनेशिया व थायलंड तेव्हाही त्या कराराबाहेरच होते. बंधन नसूनही ती वचने पाळली गेली, ह्याचे कारण ती मोजता येत होती. कोणी किती न्यावयाचे, कोणत्या छावणीतून, कोणाच्या खर्चाने, हे वाक्यात होते. बाली घोषणेची दुर्बलता ती बंधनकारक नाही ह्यात नसून ती मोघम आहे ह्यात आहे. आणि मोघमपणा हा सभासदांनी पसंत केलेला आहे, तो कोणत्याही कायदेशीर अडचणीतून अपरिहार्यपणे आलेला नाही.

घोषणेनंतर पाच वर्षांनी तिची कसोटी भारताच्या शोध व बचाव विभागाजवळ लागली. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी बांगलादेशातील कॉक्स बझारच्या किनाऱ्यावरून ९० रोहिंग्यांना घेऊन एक होडी निघाली. काही दिवसांत तिचे यंत्र बंद पडले. उच्चायुक्त कार्यालयाने जाहीर हाक दिल्यावर भारतीय तटरक्षक दलाची जहाजे तिच्यापाशी गेली. ८१ जण जिवंत होते, आठ मृत. त्यांना अन्न, पाणी, औषधे मिळाली. मग चर्चा सुरू झाली. होडी बांगलादेशातून निघाली म्हणून भारताने त्या देशाशी परतीचे बोलणे लावले. ही माणसे आमची नागरिक नाहीत, घेण्यास आम्ही बांधलेलो नाही, असे बांगलादेशाने म्हटले. म्यानमारमध्ये नुकतीच १ फेब्रुवारीस लष्कराने सत्ता हाती घेतली होती. तिन्ही देश बाली प्रक्रियेचे सभासद. ८१ माणसे कोठेच उतरविली गेली नाहीत. ४ जून २०२१ रोजी, निघाल्यापासून ११३ दिवसांनी, ती होडी इंडोनेशियाच्या आचे प्रांतातील इदामान ह्या बेटास लागली. येथे कोणी क्रूर वागले असे म्हणता येत नाही. पाणी दिले गेले, औषध दिले गेले, जबाबदार अधिकाऱ्यांनी आपापल्या सरकारच्या सूचना पाळल्या. हँबुर्गच्या व्याख्येप्रमाणे मात्र हा बचाव फेब्रुवारीत सुरू होऊन जूनमध्ये, एका तिसऱ्याच देशात, प्रवाशांच्या चिवटपणाने तडीस गेला. भारतीय तटरक्षक दलाची सागरी बचाव समन्वय केंद्रे मुंबई, चेन्नई व श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथे आहेत, आणि जगातील व्यापारी जहाजांवर भारतीय खलाशांचे प्रमाण मोठे आहे. कोकणातून दर्यावर्दी घराण्यांतले जे तरुण ह्या जहाजांवर जातात, त्यांच्यापैकी कोणासही उद्या ‘टांपा’च्या कप्तानाच्या जागी उभे राहावे लागेल. तेव्हा हा प्रश्न मराठी वाचकास दूरचा वाटण्याचे कारण नाही.

आचेचा उल्लेख वर आला आहे तो योगायोगाने नव्हे. मे २०१५ मध्ये सरकारे होड्या परत लोटत असताना शेकडो माणसांना किनाऱ्यावर आणले ते आचेच्या कोळ्यांनी. जून २०२० मध्ये उत्तर आचेतील लांचोक येथे अधिकारी टाळाटाळ करीत असता गावकऱ्यांनी स्वतःच जवळजवळ शंभर रोहिंग्यांना काठावर ओढून घेतले. ह्या किनाऱ्यावर ‘पांग्लिमा लाओत’ ही परंपरागत संस्था आहे. प्रत्येक मच्छीमार विभागाचा एक सागरी नायक असतो आणि तो समुद्राचे रूढ नियम सांभाळतो. संकटातील माणसास, तो कोणीही असो, मदत करणे हा त्यांपैकी एक नियम. हँबुर्ग करारातील राष्ट्रीयत्व व दर्जा न पाहण्याचे कलम ह्या कोळ्यांनी वाचलेले असण्याचा संभव नाही. पण त्यांच्या नियमात कर्ता आहे : ज्याला दिसला त्याने.

मात्र ह्या कोळ्यांचे गुणगान करून थांबणे म्हणजे सरकारांना सोडून देणे होईल, आणि ते सत्यासही धरून होणार नाही. नोव्हेंबर २०२३ पासून आचेत लागोपाठ होड्या येऊ लागल्या तेव्हा तेथल्या काही गावांनी त्या परत लोटल्या. समाजमाध्यमांतून द्वेषाची लाट उठली. २७ डिसेंबर रोजी बांदा आचे येथे विद्यार्थ्यांचा जमाव निवाऱ्यात घुसला आणि तेथील भेदरलेल्या बायकामुलांना त्याने बाहेर काढावयास लावले. आठ वर्षे एका गरीब प्रांतावर हा भार टाकून चाळीसांहून अधिक राष्ट्रे प्रयत्नांचे स्वागत करीत बसली होती, ही गोष्ट ह्या संतापाचे समर्थन करीत नसली तरी त्याचा उलगडा बराचसा करते. त्या एका वर्षात बंगालचा उपसागर व अंदमानचा समुद्र ओलांडू पाहणाऱ्या सुमारे ४,५०० रोहिंग्यांपैकी ५६९ जण मृत्यू पावले किंवा बेपत्ता झाले, असे उच्चायुक्त कार्यालयाने नोंदविले आहे. दरम्यान फेब्रुवारी २०२३ मध्ये ॲडलेड येथे बाली प्रक्रियेची आठवी मंत्रिपरिषद भरून गेली होती.